‘गॅस गेलाय’ म्हणण्यापूर्वी : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय : घरातला फ्रिज नीट थंड होत नाही तेव्हा ग्राहकाला मिळायला हवी ती माहिती, आणि मिळायला हवे ते बिल

मा. मंत्रिमहोदय,


महाराष्ट्रात एप्रिल उजाडला की फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना उसंत नसते. तक्रार घरोघरी एकच : ‘लाइट लागते, आवाजही येतो, पण कूलिंग होत नाही.’ रात्री आत ठेवलेले दूध सकाळी तापवताना फाटते. आमरसाला आंबूस वास येतो. कोथिंबिरीची जुडी दुसऱ्याच दिवशी काळी पडते. मग ओळखीतून कुणाचा तरी नंबर मिळतो, मेकॅनिक येतो, मागे हात लावून पाहतो आणि दोन शब्दांत निकाल देतो, ‘गॅस गेलाय.’ दोन-अडीच हजार रुपये रोख दिले जातात, पावती मिळत नाही, आणि बऱ्याच घरांत महिन्या-दीड महिन्यात दूध पुन्हा फाटते.

हे पत्र त्या दोन शब्दांच्या निकालाबद्दल आहे. कधी कधी तो अगदी बरोबर असतो. पण तो बरोबर आहे की नाही, हे पडताळण्याचे साधन आज ग्राहकाच्या हातात नाही. ते देणे आपल्या खात्याला शक्य आहे, म्हणून हे आपल्याला लिहिले आहे.

फ्रिजमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कॉम्प्रेसर, मागची जाळी, अगदी बारीक भोकाची कॅपिलरी नळी आणि फ्रीजरमधली कॉईल अशा बंद वाटेने तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो. आतली उष्णता उचलतो, बाहेर जाळीवर सोडतो आणि परत आत जातो. कारखान्यात भरलेला गॅस फ्रिज मोडीत निघेपर्यंत तितकाच राहू शकतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, दुसरे कारण नाही. आणि गळती असेल तर ती न बुजवता वरून गॅस भरणे म्हणजे ग्राहकाचे पैसे हवेत सोडणे. नीट काम करणारा मेकॅनिक आधी गळती शोधतो, सांधा बुजवतो, फिल्टर ड्रायर बदलतो, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांमधली हवा आणि ओल काढतो, आणि मग वजनकाट्यावर मोजून गॅस भरतो. हे मोजणे फार महत्त्वाचे आहे. आजच्या बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये ‘आर ६००ए’, म्हणजे आयसोब्युटेन असतो आणि तो साधारण ४० ते ६० ग्रॅमच लागतो. एवढ्याशा मापात पाच-दहा ग्रॅम कमी-जास्त झाले तरी फ्रिज नीट चालत नाही. नेमका किती ग्रॅम हवा, तो आकडा फ्रिजच्या मागच्या पट्टीवर किंवा कॉम्प्रेसरवर छापलेला असतो. तो कुठे पाहायचा हे ग्राहकाला कुणी सांगितलेले नसते.

खरे तर कूलिंग कमी होण्याची बरीच कारणे नळ्यांच्या बाहेरच असतात, आणि त्यांतली काही घरातल्या कुणालाही, हातात पाना न घेता, तासाभरात पाहता येतात.

सगळ्यात आधी फ्रिज कुठे उभा आहे ते पाहावे. आतून काढलेली उष्णता बाहेर टाकायला त्याला हवा लागते. मुंबईच्या चाळीत किंवा वन रूम किचनमध्ये फ्रिज कोपऱ्यात भिंतीला टेकवून बसवलेला असतो, एका बाजूला शेगडी, वर झालरीचे कव्हर, त्यावर स्टीलचे डबे आणि रद्दी. मागच्या जाळीवर धूळ आणि फोडणीच्या तेलाचा चिकट थर. अशा जाळीतून उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर दिवसभर चालत राहतो आणि दूध तरीही कोमट. प्लग काढायचा, फ्रिज ओढून पुढे घ्यायचा, मऊ ब्रशने जाळी साफ करायची आणि परत ठेवताना मागे चार बोटे तरी जागा सोडायची. नव्या पुष्कळ मॉडेलना मागे जाळी दिसत नाही. ती दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या आत असते. म्हणून त्या फ्रिजच्या बाजू हाताला गरम लागतात आणि घरातले घाबरतात. बाजू गरम लागणे हे फ्रिज काम करत असल्याचे लक्षण आहे. बिघाड होतो तो त्या बाजू कपाटाला चिकटवल्या की.

मग दाराचा रबर. दहा रुपयांची नोट दारात अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावावे आणि नोट ओढावी. सहज निघून आली तर त्या जागी रबर बसत नाही आणि चोवीस तास तिथून दमट हवा आत जाते. असे चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीच्या बाजूने आणि खालच्या कोपऱ्यात करून पाहावे. पुष्कळदा रबराच्या खाचेत साठलेला मळ, सांडलेले सरबत आणि काळी बुरशी एवढेच कारण असते. साबणाच्या कोमट पाण्याने पुसले की रबर पुन्हा चिकटतो. वाकडा झालेला रबर गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकला की बराचसा सरळ होतो. चिरलेला असेल तर बदलावा लागतो, आणि इथे ग्राहकाची खरी अडचण सुरू होते. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा रबर मिळत नाही, असे सांगून नवा फ्रिज घ्यायला सुचवले जाते.

दार लावल्यावर आतला दिवा विझतो का, हेही पाहण्यासारखे आहे. मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवावा, दार लावावे, मिनिटाभराने काढून पाहावे. दाराजवळचे लहानसे बटण अडकले की दिवा जळत राहतो आणि जुन्या फ्रिजमधला काचेचा बल्ब आतच उष्णता देत बसतो. काही फ्रॉस्ट फ्री मॉडेलमध्ये त्याच बटणावर आतला पंखाही चालतो. बटण बिघडले तर पंखाच फिरत नाही.

थर्मोस्टॅटच्या गोल चकतीवरचे आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत, हे अजूनही पुष्कळ घरांत माहीत नाही. बहुतेक फ्रिजमध्ये आकडा मोठा तेवढी थंडी जास्त. पावसाळ्यात दोनवर ठेवलेला फ्रिज उन्हाळ्यात दोनवरच राहिला तर कूलिंग कमी वाटणारच. दोन दरवाजांच्या काही फ्रिजमध्ये दोन चकत्या असतात. त्यांतली फ्रीजरमधली चकती पुष्कळ मॉडेलमध्ये थंडी वाढवत नाही, वरची गार हवा खाली किती सोडायची ते ठरवते. लवकर बर्फ व्हावा म्हणून ती शेवटच्या आकड्यावर नेली की खालच्या कप्प्याची हवा तुटते. वर आइस्क्रीम दगडासारखे आणि खाली दही आंबट, अशी तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाला तेवढी चकती मध्यावर आणून एक दिवस थांबायला सांगणे पुरेसे असते. हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, पण बारीक टायपात, आणि बहुतेक वेळा मराठीत नसते.

एका दरवाजाच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर हाच मोठा शत्रू. बर्फ दिसायला गार असला तरी तो थंडी अडवतो. थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की थर्मोस्टॅटच्या मधले डिफ्रॉस्टचे बटण दाबावे, नाहीतर फ्रिज बंद करून दार उघडे ठेवावे आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरीने, उलथन्याने किंवा पेचकसाने बर्फ टोकणे हे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत सर्रास चालते आणि त्यातूनच खरी गॅसगळती जन्माला येते. फ्रीजरची पेटी पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्याची असते आणि गॅसची वाट त्या पत्र्याच्या आतूनच जाते. टोक घुसले की ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि फ्रिजचे आयुष्य तिथेच संपत आलेले असते. शिवाय आयसोब्युटेन ज्वालाग्राही आहे. असा आवाज आलाच तर शेगडी विझवावी, खिडक्या उघडाव्यात आणि कोणतेही विजेचे बटण दाबू नये, फ्रिजचेसुद्धा. हा इशारा प्रत्येक फ्रीजरच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत असायला हवा.

आता फ्रॉस्ट फ्री फ्रिजबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण ‘गॅस गेलाय’ हा चुकीचा निकाल सगळ्यात जास्त इथेच दिला जातो.

या फ्रिजमध्ये बर्फ दिसत नाही, पण तो होत नाही असे नाही. फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिकच्या पाट्याआड कॉईल असते, तिच्याजवळ एक पंखा असतो आणि तो कॉईलवरची गार हवा आधी फ्रीजरमध्ये, मग एका वाटेने खाली ढकलतो. हवेतला ओलावा कॉईलवर गोठतो. तो वितळवायला कॉईलखाली हीटर असतो. ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, हीटर काही मिनिटे तापतो, बर्फाचे पाणी होऊन नळीने मागच्या ताटलीत उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने वाळून जाते. या साखळीत हीटर, थर्मल फ्यूज, बायमेटल (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा भाग) आणि टायमर असतात. नव्या मॉडेलमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि सर्किट बोर्ड. यांतला एक जरी भाग गेला तरी बर्फ वितळणे थांबते. कॉईल हळूहळू पांढऱ्या बर्फात पुरली जाते, पंख्याला हवा ओढता येत नाही, आणि पहिल्यांदा खालचा कप्पा गरम होतो. वरचा फ्रीजर आणखी काही दिवस बरा असतो, म्हणून घरच्यांना वाटते, बर्फ तर होतोय.

या बिघाडाची एक परीक्षा घरीच होते. सगळे सामान काढून घ्यावे, प्लग काढावा, दोन्ही दारे उघडी ठेवावीत, खाली जुनी चादर पसरावी आणि पूर्ण चोवीस तास तसेच राहू द्यावे. फ्रिज पुन्हा सुरू केल्यावर तो आठवडाभर छान चालला आणि मग पुन्हा खालचा कप्पा गरम व्हायला लागला, तर दोष डिफ्रॉस्टच्या साखळीत आहे. गॅस कमी असता तर बर्फ वितळवून काहीच फरक पडला नसता. बदलायचा असतो तो एखादा बायमेटल, फ्यूज किंवा हीटर. त्यांची किंमत गॅस भरण्याच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी असते.

मेकॅनिक घरी आल्यावरही ग्राहकाने एवढाच आग्रह धरावा, ‘मागचा पाटा उघडून कॉईल दाखवा.’ सगळी कॉईल बर्फाने भरलेली असेल तर गॅस आहे, डिफ्रॉस्ट बंद आहे. कॉईलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ आणि बाकीची कॉईल कोरडी असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय रास्त आहे. सगळ्या कॉईलवर पातळ, सारखे दव गोठलेले आणि पंखा थांबलेला असेल, तर पंख्याची मोटर पाहावी. डोळ्यांना दिसणारा हा पुरावा मिळायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तो न पाहता गॅस भरणे म्हणजे नाडी न पाहता सलाईन लावणे.

फ्रिजचा आवाजच येत नसेल तर गोष्ट वेगळी. पाठीमागून ‘टक्’, मग दोन-चार सेकंद घुमणे, पुन्हा ‘टक्’, आणि काही मिनिटांनी तेच, असे चालले असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतो आहे आणि ओव्हरलोड हा संरक्षक भाग त्याची वीज तोडतो आहे. कारण कमी व्होल्टेज असू शकते, बिघडलेला रिले असू शकतो, किंवा कॉम्प्रेसरच अडकलेला असू शकतो. ग्रामीण भागात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी व्होल्टेज खाली गेले की हा ‘टक्’ गावभर ऐकू येतो. अशा वेळी फ्रिज बंद करून ठेवणे शहाणपणाचे. वीज गेल्यावर लगेच परत आली तरी तीन ते पाच मिनिटे थांबून फ्रिज सुरू करावा. नळ्यांमधला दाब तोवर सारखा होतो. रिले बदलणे हे छोटे काम आहे, पण ते जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे. मागचे झाकण घरी उघडू नये.

महोदय, काही वेळा फ्रिजचा दोषच नसतो. फ्रिज कोणत्या हवामानासाठी बनवला आहे याचे वर्ग ठरलेले आहेत आणि ते मागच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरांत छापलेले असतात. ‘टी’, म्हणजे उष्ण प्रदेशासाठीचा वर्ग, १६ ते ४३ अंश सेल्सिअस. ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंत, ‘एन’ ३२ अंशांपर्यंत. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या छपराखालच्या स्वयंपाकघरात तर विचारायलाच नको. ४३ अंशांच्या वर फ्रिज धापा टाकणार हे त्याच्या पट्टीवरच लिहिलेले असते, पण विदर्भातल्या दुकानात फ्रिज विकताना हे कुणी सांगत नाही. तिथल्या ग्राहकाने दुपारी गॅसचे पैसे भरण्यापूर्वी पहाटे पाच वाजता फ्रिजमधले पाणी किती गार आहे ते पाहिले पाहिजे. कोकणात त्रास वेगळा आहे. खाऱ्या, दमट हवेत लोखंडी जाळी आणि सांधे लवकर गंजतात, आणि तिथे गळतीचे निदान खरे ठरण्याची शक्यता जास्त. एकाच देशाचे, एकाच राज्याचे हे दोन टोकांचे फ्रिज आहेत आणि दोघांना एकच पुस्तिका मिळते.

थंडी मोजायची कशी, हाही प्रश्नच आहे. हात घालून पाहण्याला अर्थ नाही. मधल्या फळीवर पाण्याचा ग्लास रात्रभर ठेवावा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवावा. तापाचा नव्हे, शून्याच्या आसपास दाखवणारा. पारा पाच अंशांच्या खाली हवा. फ्रीजर उणे १८ अंशांजवळ. अन्नसुरक्षेच्या नियमांत ५ ते ६० अंश हा धोक्याचा पट्टा मानला जातो, कारण त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. सात-आठ अंशांवर अडकलेला फ्रिज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतले कालचे मटण, भिजवलेले पीठ, बाळाचे दूध रोज थोडे थोडे बिघडवत असतो. मधुमेहाच्या रुग्णाच्या घरी हा प्रश्न आणखी गंभीर होतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. ते तापले तरी बिघडते आणि फ्रीजरजवळ गोठले तरी. वीज गेली तर दार न उघडता फ्रिज साधारण चार तास पुरेसा गार राहतो. तो आधीच आठ अंशांवर असेल तर तेवढी मुदतही मिळत नाही.

या सगळ्यात मेकॅनिकला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा पत्राचा हेतू नाही. आयटीआयचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि तो शिकून आलेली, चोख काम करणारी मुले गावोगाव आहेत. पण पुष्कळ जण उस्तादाच्या हाताखाली शिकलेले, आणि त्यांना कंपन्या सहसा सर्व्हिस मॅन्युअल देत नाहीत. ग्राहकही निदानाचे पैसे द्यायला तयार नसतो; ‘नुसते पाहायला आलात, त्याचे कसले पैसे?’ असे विचारतो. गॅस भरला तरच दिवसाची कमाई निघते. अशा व्यवहारात कॉईल उघडून दाखवायला वेळ घालवणारा माणूसच तोट्यात जातो. केंद्र सरकारच्या मार्च २०१९ च्या कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये या क्षेत्रातल्या एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. आपल्या दारात आलेला माणूस त्यांतला आहे का, हे ओळखण्याची सोपी सोय मात्र ग्राहकाकडे नाही.

गॅसचा प्रश्न खिशापुरता नाही. जुन्या फ्रिजमधला ‘आर १२’ ओझोनच्या थराला भोक पाडत होता. १९८७ च्या माँट्रियल कराराने तो बंद झाला. मग आलेला ‘आर १३४ए’ ओझोनला अपाय करत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशे पटीच्या घरात आहे. आयसोब्युटेन या बाबतीत जवळजवळ निरुपद्रवी, मात्र पेटणारा. गळती न बुजवता भरलेला प्रत्येक ‘आर १३४ए’ शेवटी आकाशात जातो, आणि एका गॅससाठी बनवलेल्या फ्रिजमध्ये दुसरा भरला तर कॉम्प्रेसर तर जातोच, घरालाही धोका होतो. म्हणून कोणता गॅस भरला, हे कागदावर असणे सुरक्षेसाठीच गरजेचे आहे.

आपल्या खात्याने या दिशेने पावले टाकली आहेत, हे नोंदवायलाच हवे. दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहकदिनी सुरू झाले आणि त्यात घरगुती उपकरणांचा गट आहे. मे २०२५ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाविषयीचा, म्हणजे वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे दाखवणाऱ्या गुणांकनाविषयीचा, अहवाल खात्याला सादर झाला. पण पहिल्या टप्प्यात स्मार्टफोन आणि टॅबलेट घेतले गेले. फोन तीन-चार वर्षांत बदलतो. फ्रिज पंधरा वर्षे घरात राहतो, दिवसाचे चोवीस तास चालतो आणि घरादाराचे अन्न सांभाळतो. त्याची पाळी आधी यायला हवी होती, असे अनेकांना वाटते, आणि ते बरोबर आहे.

युरोपीय संघाने १ मार्च २०२१ पासून फ्रिजच्या बाबतीत नियम लागू केले आहेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर आणि सर्किट बोर्ड किमान सात वर्षे दुरुस्ती करणाऱ्यांना मिळाले पाहिजेत. बिजागऱ्या, मुठी आणि ट्रे सात वर्षे. दाराचा रबर तर किमान दहा वर्षे, आणि तो थेट ग्राहकालाही. मागणी केल्यापासून पंधरा कामाच्या दिवसांत भाग पोचला पाहिजे. यात भारताला न जमणारे काही नाही. गोदरेजने १९५८ मध्ये मुंबईत फ्रिज बनवायला सुरुवात केली, त्याला सहा दशके उलटून गेली. आज रांजणगावच्या आणि शिरवळच्या कारखान्यांतून फ्रिज देशभर जातात. जिथे फ्रिज बनतो त्या रांजणगावच्या घरात त्याच फ्रिजचा रबर दहा वर्षांनी मिळू नये, याचे कारण तांत्रिक नाही.

इन्व्हर्टर फ्रिजने आणखी एक गाठ घातली आहे. त्यात बिघाड झाला की दारावरच्या पाटीवर आकडे उमटतात किंवा आतला दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो. म्हणजे यंत्र स्वतः सांगत असते की पंखा गेला, सेन्सर गेला किंवा डिफ्रॉस्ट बंद आहे. पण त्या खुणांचा अर्थ पुष्कळदा कंपनीच्या अधिकृत माणसालाच माहीत असतो. ग्राहकाने पैसे देऊन घेतलेल्या यंत्राचे बोलणे ग्राहकापासूनच लपवणे योग्य नाही.

बिलाबाबत तर कायदा आधीच आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दिलेल्या सेवेचे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मराठीतही तक्रार घेतो. पण गॅस भरल्याच्या पावतीवर ‘सर्व्हिस चार्ज’ एवढेच लिहिलेले असेल तर तक्रार कशाची करायची? कोणता दोष आढळला, गळती कुठे होती, फिल्टर बदलला का, कोणता गॅस किती ग्रॅम भरला आणि हमी किती दिवसांची, एवढे लिहिलेले बिल हातात असेल तरच ग्राहक आयोगासमोर काही सिद्ध होते. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात देण्याची सक्तीही त्यासोबत हवी.

तेव्हा, मंत्रिमहोदय, आपल्याला विनंती अशी आहे. फ्रिजचा समावेश दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या पुढच्याच टप्प्यात करावा. रबर, थर्मोस्टॅट, सेन्सर, हीटर आणि सर्किट बोर्ड किती वर्षे मिळतील, हे वीजबचतीच्या ताऱ्यांच्या लेबलशेजारी छापायला लावावे. बिघाडाच्या खुणांचा अर्थ पोर्टलवर सर्वांसाठी खुला करावा. गॅस भरण्याच्या बिलाचा एक ठरावीक नमुना काढावा. आणि प्रत्येक फ्रिजच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पान चिकटवायला लावावे, ज्या राज्यात तो विकला जातो त्या राज्याच्या भाषेत : जाळी साफ करा, नोट लावून रबर तपासा, चकती पाहा, चोवीस तास बर्फ उतरवा, मग मेकॅनिकला बोलवा आणि कॉईल दाखवायला सांगा. वेष्टनावरच्या सक्तीच्या मजकुरासाठी आजचे नियम हिंदी किंवा इंग्रजी एवढेच मागतात. या पानापुरते तरी मराठी मागावे. पुढचा उन्हाळा येण्यापूर्वी हे पान दुकानात पोचले, तर त्याचा उपयोग पहिल्याच एप्रिलमध्ये दिसेल.

कळावे,
महाराष्ट्रातील एक फ्रिजधारक ग्राहक